पाणी पुसायचं राहिलं

९ जानेवारी

मामा,

नमस्कार आधी, बातमी नंतर, नाहीतर म्हणशील पोरीला रीतभात नाही. फोन करून उपयोग नाही. तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानेच भरतोस. म्हणून हॉस्पिटलच्या पलंगावर, जेवणाचा ट्रे मांडीवर घेऊन लिहिते आहे.

मी वाचले. नुसती वाचले नाही, माझ्यात आजार उरलेलाच नाही. काल सकाळी सर्जन आले, पलंगाच्या कडेला चक्क बसले आणि म्हणाले, "तुमच्या जठराचा पाऊण हिस्सा आम्ही काढला, त्याचा कण न् कण तपासला. कॅन्सरची एक पेशी सापडली नाही. आधी दुर्बीण घालून जो एवढासा तुकडा काढला होता, बहुतेक त्यातच सगळा आजार निघून आला. असं क्वचित होतं. नशीबवान आहात." तुझे जावई खिडकीपाशी उभे होते. ते तिथेच मटकन खाली बसले आणि नर्सला वाटलं आता यांनाच भरती करावं लागतंय.

मामा, माझ्यासारख्या कपड्यांना रफू करणाऱ्या बाईच्या पोटात एवढासा आजार यावा, आणि चिमटीने काढलेल्या तांदळाएवढ्या तुकड्यात तो अख्खा निघून जावा, याला काय म्हणायचं? मी देवभोळी नाही हे तुला माहीत आहे. पण काल दिवसभर माझ्या अंगावर काटा येत होता.

सध्या दोन-दोन चमचे खाते, दिवसातून आठ वेळा. तिसऱ्या चमच्याला पोट दार लावून घेतं. चालायचंच. जीव आहे तर चमचे मोजता येतील.

तुझे उपकार फार आहेत. सर्जन म्हणाले होते, हवं तर ऑपरेशनआधी स्लाइड दुसरीकडे दाखवून या. मी तुला विचारलं, तर तू म्हणालास, त्या टेबलावरून आलेला रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, उगाच दिवस घालवू नकोस. एकतीस वर्षं ज्या लॅबमध्ये तू काम केलंस तिच्यावर विश्वास ठेवला आणि वेळेत सुटले. मामीला सांग.

तुझी,
चिंगी

१७ जानेवारी

चिंगे, बाळा,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी स्वतः दोनदा वाचलं. जीव भांड्यात पडला. मामी शेजारणीला सांगायला गेली ती अजून परतलेली नाही.

आता म्हाताऱ्याचं एक काम कर. हॉस्पिटलकडून तुझे सगळे कागद मागून घे. नुसता शेवटचा सारांश नको, सगळी फाइल. शिवाय पहिल्या तपासणीची काचेची स्लाइड आणि ती जिच्यातून कापली ती मेणाची वडी, दोन्ही माग. मांसाचा तुकडा गरम मेणात बसवून आम्ही वडी करायचो, तीच ही. वर्षानुवर्षं टिकते. फक्त काच घेऊन येऊ नकोस, वडीही हवीच.

हे सगळं आपल्याजवळ असावं, इतकंच. पुढेमागे लागतं. देणारा टाळाटाळ करेल. त्याला सांग की स्वतःच्या नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. तुमच्या गावात एक चष्मेवाल्या डॉक्टरबाई आहेत, स्वतःची छोटी लॅब चालवतात. काच आणि वडी त्यांना दाखव. आमच्या हॉस्पिटलशी त्यांचा काही संबंध नाही.

उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. थोडं थोडं खा, पण खा.

मामा

२ मार्च

मामा,

तू मला उगाच डोक्यात काही घेऊ नकोस म्हणालास, तेव्हाच कळायला हवं होतं की तुझ्या डोक्यात काहीतरी आहे.

कागदांसाठी पाच खेपा झाल्या. नोंदींच्या खिडकीवरचा माणूस आधी म्हणाला साहेब नाहीत, मग म्हणाला फॉर्म नाही, मग म्हणाला, "बाई, बऱ्या झालात ना? मग कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, "माझंच पोट उकरलंय तुम्ही, मी फक्त कागद मागतेय." पाचव्या खेपेला पोच घेतली तेव्हा सगळं निघालं. वडी केवढीशी रे ती! काडेपेटीच्या अर्धी. माझा तुकडा त्यात मधोमध बसलेला, फिकट, माझ्या टाचणीच्या डोक्याहून जरा मोठा.

डॉक्टरबाईंनी काच यंत्राखाली ठेवली आणि ती मागेपुढे सरकवत राहिल्या. मी विचारलं, "मी बघू?" त्या हसल्या आणि खुर्ची दिली.

मामा, तू हे एकतीस वर्षं पाहिलंस आणि कधी घरी येऊन सांगितलं नाहीस. गुलाबी आणि जांभळं. एकाला एक लागून उभी असलेली इवलीइवली घरं, प्रत्येकात एक काळा ठिपका, ओळीने, शिस्तीत, कुणी न सांगता. ते माझं होतं. मी झोपलेली असताना, भांडत असताना, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असताना ते तिथे असं उभं होतं आणि मला पत्ताही नव्हता. आयुष्यभर धागे बघितले, पण असली वीण बघितली नाही.

आणि मग बाजूला, सगळ्यांपासून जरा लांब, एक वेगळा तुकडा दिसला. त्याचे काठ वेगळे, पोत वेगळा, माझ्या बाकीच्या तुकड्यांशी कुठेच जुळत नव्हता. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नसेल कळत, आम्हाला कळतं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे ठिगळ कुठलं?"

त्या म्हणाल्या, "पंधरा मिनिटं मी तोच विचार करतेय."

कॅन्सर आहे तो फक्त त्या ठिगळात. त्यांनी माझ्या वडीतून नवे काप काढून पाहिले, एक नाही, चाळीस. एकातही ते ठिगळ नाही. काचेवर आहे, वडीत नाही. काच आणि वडी दोन्ही पुढच्या तपासणीला पाठवली आहेत, ते मांस माझंच आहे का, हे बघायला.

मामा, ते माझं नसेल तर माझं जठर कशासाठी गेलं? मला खरं सांग. तुला जानेवारीतच शंका आली होती ना?

चिंगी

२० मार्च

चिंगे,

आली होती. माझ्याकडून चुकलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझा आनंद मोडवला नाही.

आता ऐक. वडीतून पात्याने काप निघतो तो केसापेक्षा कितीतरी पातळ. सुरकुतलेला असतो. तो हाताने काचेवर बसवताच येत नाही. म्हणून आम्ही तो कोमट पाण्यावर सोडतो. पाण्याला टेकला की सुरकुत्या निघतात आणि तो अलगद पसरतो, मग खालून काच घालून उचलायचा. इतक्या वर्षांत एकदाही तो पसरताना मी श्वास न रोखता पाहिला नाही. माणसाचा एवढासा भाग पाण्यावर तरंगतोय, आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्यावर ठरणार. मी घरी सांगितलं नाही, कारण सांगता आलं नसतं.

त्या पाण्यावर कधीकधी आधीच्या रुग्णाच्या कापाचा कण उरतो. डोळ्याला दिसत नाही. म्हणून एक रुग्ण झाला की कागदाने पाण्याचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा. नाही पुसला, तर तो कण पुढच्याच्या काचेवर चढतो. तुझ्या बाबतीत हेच झालं असावं. कुणीतरी पुसलं नसेल.

तपासणीचा निकाल आला की चांगला वकील गाठ. अशा तक्रारीला मुदत असते, ती उलटली की खरं असूनही कुणी ऐकत नाही. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नकोस, प्रती दे.

तब्येतीला जप. मामी तुझी फार आठवण काढते.

मामा

११ जून

मामा,

निकाल आला. तो तुकडा एका बाईचा आहे, पण ती बाई मी नाही.

लॅबच्या त्या दिवसाच्या रजिस्टरमध्ये माझ्या आधी एक बाई होती. वकीलबाईंनी नोंद मिळवली, नाव झाकून. तिला खरोखरच तो आजार होता आणि तिला तसं वेळेवर सांगितलं गेलं, एवढंच कळलं. आता ती आहे की नाही, हे मला सांगता येत नाही म्हणे. मी रोज तिचा विचार करते. तिच्या शरीराचा एक कण माझ्या काचेवर येऊन बसला आणि माझ्या जन्माची उलथापालथ झाली. तिला याचा गंधही नाही. मला तिचा राग येत नाही, उलट कुणी लांबची नातेवाईक असावी तसं वाटतं. हे तुझ्या जावयांना सांगितलं तर ते म्हणाले, आधीचे नातेवाईक कमी होते का.

वकीलबाई फटकळ आहेत, पण पटतं त्यांचं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चूक झाली म्हणून खटला जिंकता येत नाही. चांगल्या डॉक्टरचीही चूक होते, कायदा त्याला माफ करतो. निष्काळजीपणा वेगळा. कुठल्याही सावध लॅबने जे केलं असतं ते यांनी केलं नाही, हे दाखवावं लागेल." हॉस्पिटलने आधी समजुतीचा कागद पाठवला. भरपाई देतो, पण कुठेही काही बोलायचं नाही आणि चूक झाली असं आम्ही म्हणणार नाही. हे म्हणाले घे, विषय संपव. मी एक आठवडा झोपले नाही, आणि मग नको म्हटलं. मी दिवसातून आठ वेळा चमच्याने खाते ते गुपित म्हणून खायचं का? शेवटी ग्राहकांच्या तक्रारींच्या मंचाकडे अर्ज केला. डॉक्टरांच्या परिषदेकडेही जाता येतं, पण ती फार तर परवान्याबद्दल विचारते. मला टेबलाबद्दल विचारायचं आहे.

आणि आता गंमत ऐक. हॉस्पिटलचं उत्तर आलं. म्हणतात, आमच्याकडे प्रत्येक रुग्णानंतर पाणी पुसायचा लेखी नियम आहे, हा त्याचा फोटो. फोटोत टेबलामागच्या भिंतीवर चौकटीतला कागद आहे, आणि अक्षर तुझं. मी ओळखलं आणि मला भरून आलं. 'प्रत्येक रुग्णानंतर पाण्याचा पृष्ठभाग कागदाने पुसावा.' तुझा तो वळणदार 'प्र' मला लहानपणी गिरवायला लावायचास.

वकीलबाई म्हणतात, या कागदामुळे आपण अडकलो. नियम होता, पाळला जात होता, एखाद वेळी नजरचूक झाली, म्हणजे माफ. मी म्हटलं, ज्याने तो नियम लिहिला तो माझा मामा आहे. तो येऊन सांगेल की त्याच्या काळी हे कसं काटेकोर चालायचं आणि त्याच्या मागे लोकांनी कसं सोडून दिलं. येशील ना? तुझ्यावर सगळं आहे.

चिंगी

१९ जून

चिंगे,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता पाचव्यांदा सरळ लिहितो.

तो कागद मी तपासणीचे अधिकारी येणार होते त्याच्या आदल्या दिवशी लिहिला. त्याआधी तो भिंतीवर नव्हता, आणि त्यानंतर तो फक्त भिंतीवरच राहिला. सकाळी काम कमी असायचं तेव्हा आम्ही प्रत्येकानंतर पुसायचो. दुपारी तुकडे ढिगाने यायचे, वरून सर्जन लोकांचे निरोप, अजून झालं नाही का म्हणून. तेव्हा मी पद्धत काढली. एका ट्रेमध्ये सहा रुग्णांच्या वड्या, सहाचे काप झाले की एकदा पुसायचं. पाच मिनिटं वाचायची. माझ्या हाताला इतकी सफाई होती की कण राहणारच नाही, असं मला वाटायचं. आता टेबल सांभाळतो तो पेन्सिल, कानामागे कायम पेन्सिल असते म्हणून त्याला ते नाव मीच दिलं. शिकायला आला तेव्हा त्याने तो कागद वाचून विचारलं, "सर, प्रत्येकानंतर ना?" मी त्याला म्हणालो, "कागद भिंतीसाठी, हात टेबलासाठी." तो हसला आणि माझ्यासारखं करू लागला. आजही तसंच करतो. त्याने काही सोडून दिलं नाही चिंगे, मी शिकवलं ते त्याने नीट धरून ठेवलं.

तुझा तुकडाही अशाच दुपारच्या ट्रेमध्ये गेला असणार. जानेवारीत तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला त्या ट्रेची आठवण झाली. तुला सर्जन स्वतः दुसरीकडे दाखवा म्हणाले होते आणि मी नको म्हणालो. काळ्या दगडावरची रेघ. माझ्या मोठेपणासाठी तुझं जठर गेलं. आणि मार्चमध्ये 'कुणीतरी पुसलं नसेल' असं लिहून मी परत लपलो.

मामीला काल सांगितलं. ती म्हणाली, "तिच्या आईने मरताना तिचा हात तुमच्या हातात दिला होता."

मी साक्षीला येईन, पण तू म्हणतेस ते सांगायला नाही. हे सांगायला. तू तोंड बघणार नसशील तरी येईन. ते टेबल रोज दुपारी चालू आहे.

मामा

४ ऑगस्ट

चिंगे,

तुझं उत्तर नाही. ते मी समजू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही.

तुझ्या वकीलबाईंकडे शपथपत्र सही करून पाठवलं आहे. पेन्सिलला काल सकाळी फोन केला. ऐकू कमी येत असूनही तो रडतोय हे कळलं. म्हणाला, "सर, नोकरी जाईल." मी म्हटलं, जाईल कदाचित. तूही खरं सांग, आणि आज दुपारपासून पाणी पूस. त्याने कालपासून सुरू केलंय म्हणे.

तारखेला येतो. मुक्काम लॉजवर करेन.

मामा

२६ नोव्हेंबर

मामा,

सुनावणीच्या दिवशी तू समोरून गेलास आणि मी मान फिरवली. तू थांबलास, मग पुढे गेलास. तुझा सदरा पाठीवर चुरगळलेला होता. मी तेही बघितलं आणि तरी बोलले नाही. आता लिहिते.

मला वाटलं होतं तू बोलशील. तू तर पिशवीतून पात्याचं जुनं यंत्र काढलंस, पसरट भांड्यात कोमट पाणी मागितलंस आणि दोन वड्या टेबलावर ठेवल्यास, एक शाईने लाल केलेली, एक निळी. लालचा काप पाण्यावर सोडलास. तो पसरताना सगळा हॉल माना उंचावून बघत होता. शिपाईसुद्धा पुढे आला, अध्यक्षबाई खुर्ची सोडून टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. तुझे हात एरवी चहाचा कप सांडतात, पण तिथे थरथरले नाहीत. लाल काप उचललास, पाणी न पुसता निळा सोडलास, उचललास आणि काच त्यांच्या हातात दिलीस. निळ्याच्या कडेला लाल कण होता. तू म्हणालास, "हे दिसलं, कारण मी रंगवलं. आमच्याकडे ते रंगवलेलं नसतं."

हॉस्पिटलच्या वकिलाने विचारलं, हे असं तुम्ही कितीदा केलंत. तू म्हणालास, "रोज दुपारी, वीसेक वर्षं." तो म्हणाला, म्हणजे अजूनही असे रुग्ण असू शकतात असं तुमचं म्हणणं आहे? तू त्याला पुन्हा विचारायला लावलंस, ऐकू आलं नाही म्हणून. मग म्हणालास, "असतील. किती ते मला माहीत नाही. म्हणूनच आलोय." मामा, ज्या माणसाने मला खोटं बोललीस तर हातावर छडी मारीन म्हणून धमकावलं होतं, तो माणूस सगळ्यांसमोर आपली एकतीस वर्षं अशी टेबलावर ठेवताना मी पाहिला. माझा राग तिथेच होता, शेजारी बसलेला. पण मी हात जोडले. कुणाला, ते मलाही कळलं नाही.

निकाल मागच्या आठवड्यात लागला. निष्काळजीपणा सिद्ध झाला, आणि तो तुझ्या साक्षीवर झाला, असं त्यात लिहिलंय. वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. पेन्सिलची नोकरी राहिली, खरं सांगितलं म्हणून ताकीद देऊन ठेवला. पण मी लिहितेय ते यासाठी नाही.

तुझ्या साक्षीनंतर हॉस्पिटलने निकालाची वाट बघितली नाही. एवढ्याशा तुकड्यावरून ज्यांना ज्यांना कॅन्सर सांगितला होता त्यांच्या जुन्या काचा पुन्हा तपासायला घेतल्या. परवा दुकानात एक बाई आली. मुलांना पोहायला शिकवते, खांदे हे एवढे. आधी वाटलं रफूला कोट आणलाय. तिने पिशवीतून कागद काढला. तिचं ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं, मंगळवारी हॉस्पिटलचा फोन आला, येऊ नका. तिच्या काचेवरचा तुकडा तिचा नव्हता. निकालाची बातमी वाचून तिने मला शोधून काढलं. जेवणाची वेळ होती. तिने डबा आणला होता, मी म्हटलं इथेच बसा.

मी माझे तीन चमचे खाल्ले आणि थांबले. ती जेवत राहिली. मोठे घास घेत होती, बोलता बोलता, मुलं पाण्यात उडी मारायला कशी घाबरतात ते सांगत. सगळा डबा संपवला, बोटं पुसली, आणि काही वाटलंच नाही तिला. मी तिच्याकडे बघत होते, मामा. डॉक्टरबाईंच्या यंत्रातून बघितलं होतं तसं. ते सगळं तिच्या आत शिस्तीत उभं होतं, जागच्या जागी, अख्खं, आणि ती त्याचा विचारही न करता हसत होती.

ती गेल्यावर मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि खूप रडले. माझं जठर तुझ्यामुळे गेलं आणि तिचं तुझ्यामुळे राहिलं. यातलं एकही मी पुसून टाकू शकत नाही. राग गेला असं लिहीन तर ते खोटं होईल.

तू लॉजवर उतरलास हे मात्र मला सहन झालं नाही. पुढच्या वेळी घरी ये.

चिंगी